दूध वेशीवर आलं, पण कोणत्या नंबराने?



या अंकातला विषय ऐकून काही जणी म्हणतील, "ही कुठली कोर्टकचेरीची भाषा आणली आमच्यासमोर?" विषय आहे परदेशातून येणारे दुधाचे पदार्थ आणि सरकार त्यांना लावतं ते नंबर. पण थोडा धीर धरून वाचा. ज्यांच्या गोठ्यात दोन गाई आहेत आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार आला की गटाचा हप्ता निघतो, अशा प्रत्येकीशी याचा संबंध आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. राहुरी तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या सभामंडपात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि बोलणं दुधाच्या दरावर आलं. कोणीतरी विचारलं, "मॅडम, त्या न्यूझीलंडचं दूध आता आपल्याकडे येणार का?" मी बातमी वाचलेली होती. ठसक्यात सांगून टाकलं, "काळजी करू नका, करारातून दूध वगळलंय."

एक ताई काही न बोलता उठल्या. घर जवळच होतं. परत आल्या त्या एक मोठा डबा घेऊन. त्यांचा मुलगा तालमीत जातो, तो दुधात घालून पितो ती पावडर. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं त्यांच्या सुनेने वाचून दाखवलं: व्हे प्रोटीन कॉन्सन्ट्रेट, आयात केलेलं. ताई म्हणाल्या, "व्हे म्हणजे दुधाचंच ना? मग हे कशाचं वगळलंय?"

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याची पदवी घेतली तेव्हा हे कोणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. "पुढच्या बैठकीत सांगते," एवढंच म्हणाले. मग बसून शोधलं, वाचलं, विचारलं. ताईंना द्यायचं राहिलेलं ते उत्तर म्हणजे हा लेख.

वर्गीकरण आपल्याला नवीन नाही

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. मालाला वर्ग लावणं आणि वर्गाप्रमाणे पैसा ठरणं हे आपण रोज दोनदा बघतो. सकाळी किटली घेऊन संकलन केंद्रावर गेलं की आधी गाईचं की म्हशीचं हे ठरतं. मग मशीन फॅट आणि एसएनएफ दाखवतं. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ बसलं तर पूर्ण दर, आकडा पॉइंटने खाली आला की पैसे कापले. दूध तेच, गाय तीच, धार काढणारे हातही तेच. पण पावतीवरच्या एका आकड्याने पगार बदलतो.

कांद्याचंही तसंच. घोडेगावच्या बाजारात गोणी ओतली की मोठा कांदा वेगळा, गोल्टी वेगळी. एकाच वाफ्यातला माल, पण भाव दोन.

देशाच्या वेशीवरही हेच चालतं. जुन्या बायकांना शहराच्या वेशीवरचा जकात नाका आठवत असेल. माल आत न्यायचा तर आधी तिथे पैसे भरायचे. देशाच्या वेशीवर जो नाका असतो, त्याचं नाव सीमाशुल्क, म्हणजे कस्टम्स. आपल्याला जवळचा म्हणजे उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातला. जहाजातून उतरलेल्या प्रत्येक मालाला तिथे एक नंबर लागतो आणि त्या नंबरावर किती शुल्क भरायचं ते ठरतं.

हा नंबर आहे तरी काय?

याला एचएसएन म्हणतात. दुकानाच्या बिलावर वस्तूच्या नावापुढे जो चार, सहा किंवा आठ आकडी नंबर छापलेला असतो, तोच. ही यादी जागतिक सीमाशुल्क संघटनेने केलेली आहे. संघटनेचं कार्यालय बेल्जियममधल्या ब्रसेल्स शहरात आहे आणि यादी १९८८ पासून चालू आहे. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. भारतात पुढे आणखी दोन लागतात, म्हणजे एकूण आठ. आपल्याकडे हे सगळं १९७५ च्या सीमाशुल्क दरसूची कायद्याला जोडलेल्या तक्त्यात आहे.

यादी वाचायची रीत सोपी आहे. पत्ता वाचतो तशीच: तालुका, गाव, वस्ती, घर. पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण. दूध, अंडी आणि मध यांचं प्रकरण ०४. पुढचे दोन धरून चार आकडे झाले की पदार्थ कळतो. त्यापुढचे आकडे आणखी बारकावा सांगतात.

एका दुधाची किती घरं?

खरी गंमत इथे आहे. आपल्याला वाटतं दुधाचं ते सगळं एकाच घरात राहत असेल. तसं नाही.

प्रकरण ०४ मधली घरं ही:

- ०४०१ – साधं दूध आणि साय. आटवलेलं नाही, साखर घातलेलं नाही.
- ०४०२ – आटवलेलं किंवा साखर घातलेलं दूध. दुधाची पावडर इथेच येते.
- ०४०३ – दही, ताक, योगर्ट.
- ०४०४ – व्हे, म्हणजे दूध फाडून पनीर काढल्यावर खाली उरतं ते हिरवट पाणी, आणि त्याची पावडर.
- ०४०५ – लोणी, तूप, बटर ऑइल.
- ०४०६ – पनीर आणि चीज.

पण दुधातूनच निघालेल्या काही वस्तू या प्रकरणाबाहेर, पार दूरच्या गल्लीत राहतात:

- १७०२ – लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. ही साखरेच्या प्रकरणात. औषधाच्या गोळ्या बनवायलाही ती लागते.
- १९०१ – दुधापासून केलेली काही तयार खाद्यमिश्रणं. बाळांच्या आहाराची पावडर इथे येते.
- २१०६ – दुसरीकडे कुठेच न बसणारे खाद्यपदार्थ.
- ३५०१ – केसिन, म्हणजे दूध फाटल्यावर गोळा होणारं प्रथिन. हे चक्क डिंक-गोंदाच्या प्रकरणात, कारण केसिनपासून गोंदही होतो.
- ३५०२ – दुधातलं अल्ब्युमिन, म्हणजे व्हेमधलं प्रथिन खूप घट्ट करून काढलेलं.

म्हणजे एकाच गाईच्या दुधातून निघालेली भावंडं, पण सरकारी कागदावर कोणी दुधाच्या घरात, कोणी साखरेच्या, तर कोणी गोंदाच्या. आणि घर बदललं की शुल्क बदलतं, नियम बदलतात, करारातली सवलतही बदलते.

भिंत कुठे घातली आहे?

कोणत्या घरात जायचं हे नावावर ठरत नाही, आत काय आणि किती आहे त्यावर ठरतं. प्रकरणाच्या सुरुवातीला टिपा दिलेल्या असतात, त्यात हे आकडे असतात. काही मोजके सांगते.

पावडरीत फॅट वजनाच्या दीड टक्क्यापर्यंत असेल तर ती एका पोटनंबरात, ०४०२१० मध्ये. आपण तिला स्किम्ड पावडर म्हणतो. दीड टक्क्याच्या वर गेली की दुसरा पोटनंबर.

लोणी म्हणवून घ्यायचं तर त्यात दुधाचं फॅट ८० ते ९५ टक्के हवं, पाणी १६ टक्क्यांहून जास्त नको. फॅट ३९ च्या पुढे पण ८० च्या आत असेल तर ते लोणी नाही, ते 'डेअरी स्प्रेड'. घर तेच, ०४०५, पण खोली वेगळी.

व्हेपासून केलेल्या मालात कोरड्या वजनाच्या ९५ टक्क्यांहून जास्त लॅक्टोज असेल तर तो दुधाच्या प्रकरणातून उठतो आणि साखरेच्या प्रकरणात जातो.

व्हेमधली प्रथिनं कोरड्या वजनाच्या ८० टक्क्यांहून जास्त असतील तर माल ०४०४ मधून निघतो आणि ३५०२ मध्ये जाऊन बसतो. ७९ टक्के असेल तर दूध, ८१ असेल तर अल्ब्युमिन. बघा, केवढीशी भिंत!

आणि दुधातलं फॅट काढून त्याजागी दुसरं तेल घातलं, तर तो पदार्थ प्रकरण ०४ मध्ये राहतच नाही. तो १९०१ किंवा २१०६ मध्ये जातो. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पामतेल घातलेल्या नकली पनीरबद्दल आपण बैठकीत किती तरी वेळा बोललो आहोत. दुधाचं फॅट बदललं की ते दूध उरत नाही, हे जगाच्या यादीतही लिहिलेलं आहे.

नंबर लावतं कोण?

मला वाटायचं, बंदरावर कोणी साहेब पोतं उघडतो, बघतो आणि नंबर देतो. तसं नाही. २०११ पासून आपल्याकडे अशी पद्धत आहे की माल मागवणारा व्यापारी स्वतःच नंबर आणि शुल्क लिहून अर्ज भरतो. सीमाशुल्काचे अधिकारी तो तपासू शकतात, नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतात आणि नंबर चुकीचा वाटला तर बदलून जास्तीचं शुल्क मागू शकतात. आधीच खात्री करून घ्यायची असेल तर व्यापारी मुंबई किंवा दिल्लीच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे विचारू शकतो.

आता संकलन केंद्राची कल्पना करा, जिथे फॅट किती ते दूध घालणारीनेच लिहायचं आणि सचिवाने वाटलं तर तपासायचं. बहुतेक जणी खरंच लिहितील. पण ३.४ आणि ३.५ च्या सीमेवर हात थोडा अडखळेलच की नाही? जिथे नंबराने पैशाचा मोठा फरक पडतो, तिथे वाद होणारच.

वाद मिटवायचे नियमही ठरलेले आहेत. पहिला नियम: यादीतले शब्द आणि टिपा काय म्हणतात ते बघा. दोन घरं बसत असतील तर जिथे वस्तूचं जास्त नेमकं वर्णन आहे ते घर घ्या. मिश्रण असेल तर त्याला त्याचा मूळ गुण कशामुळे आला ते बघा. तरीही ठरत नसेल तर यादीत जो नंबर शेवटी येतो तो लावा.

हे वाद थेट कोर्टापर्यंत जातात. बाटलीतलं फ्लेवर्ड मिल्क घ्या. ते दूध की थंड पेय? दूध म्हटलं तर ०४०२, पेय म्हटलं तर २२०२. जीएसटीलाही हीच यादी वापरतात, म्हणून दर वेगवेगळे पडत होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकाल दिला की ते दूधच, ०४०२. आपल्याला जे पोरसुद्धा सांगेल, ते ठरवायला उच्च न्यायालय लागलं.

नंबराने पैसा कसा बदलतो?

आता आपल्या पगाराकडे येऊ. बाहेरून येणाऱ्या मालावर भारताचं मूळ आयात शुल्क साधारण असं आहे: दूध पावडर ६० टक्के, लोणी ४० टक्के, चीज ३० टक्के. पावडरीवर सगळ्यात जास्त, कारण तिला आपल्या दुधाची थेट सवत म्हणता येईल. पावडर पाण्यात कालवली की पुन्हा दूध होतं.

पण याच पावडरीला एक लहान दार ठेवलेलं आहे. वर्षाला १०,००० टनांपर्यंत पावडर १५ टक्के शुल्काने आणता येते. ही सवलत पावडरीच्या ठरावीक नंबरांनाच आहे आणि माल आणायची परवानगी ठरावीक सहकारी आणि सरकारी संस्थांनाच मिळते.

हे दार कुठून आलं त्याचीही गोष्ट आहे. जुन्या जागतिक करारात भारताने पावडरीवर शून्य शुल्क बांधून घेतलं होतं. शतकाच्या शेवटी बाहेरची स्वस्त पावडर यायला लागली, तेव्हा डोळे उघडले. भारताने करार पुन्हा बोलून घेतला आणि २००० साली नवी व्यवस्था आली: १०,००० टनांपर्यंत १५ टक्के, त्यापुढे ६० टक्के. म्हणजे आपण आज ज्या ६० टक्क्यांच्या भिंतीआड बसलो आहोत, ती आयती मिळालेली नाही. कोणीतरी भांडून घेतली आहे.

हिशेब करून बघू. समजण्यापुरतं धरा की पावडर बंदरावर २०० रुपये किलोने आली. बाकीचे खर्च सोडून द्या.

६० टक्के शुल्क लागलं तर किलोमागे १२० रुपये. पावडर पडली ३२० रुपयांना.
१५ टक्के लागलं तर ३० रुपये. पावडर पडली २३० रुपयांना.

किलोमागे ९० रुपयांचा फरक. एक किलो स्किम्ड पावडरीला गाईचं साधारण ११ लिटर दूध लागतं. म्हणजे लिटरमागे फरक आठ रुपयांच्या वर गेला. दहा लिटर दूध घालणारीच्या घरात हा रोजचा ऐंशी रुपयांचा प्रश्न आहे.

जून २०२० आणि जून २०२४

हे दार दोनदा उघडलेलं आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे.

२०२० चा उन्हाळा आठवा. टाळेबंदी होती, हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद होती. दुधाला उठाव नव्हता आणि कित्येक ठिकाणी गाईच्या दुधाचा दर लिटरला वीस रुपयांच्या खाली आला होता. राज्य सरकार जास्तीचं दूध घेऊन त्याची पावडर करत होतं. नेमक्या त्याच वेळी, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, केंद्राने १०,००० टन पावडर १५ टक्के शुल्काने आणायला परवानगी देणारी अधिसूचना काढली. जुलैत राज्यभर दूध आंदोलन झालं, अकोल्यापासून सगळीकडे. पावडर आयातीचा निर्णय रद्द करा, ही त्यातली एक मुख्य मागणी होती.

जून २०२४ मध्ये पुन्हा तशीच अधिसूचना निघाली. तेव्हाही दर पडलेले होते आणि कारखान्यांकडे पावडरीचे साठे होते. त्या जुलैत अकोले तालुक्यातल्या कोतूळला शेतकरी दरासाठी धरणं धरून बसले होते. लिटरला चाळीस रुपये द्या, ही मागणी होती. राज्याने तेव्हा ३० रुपये दर आणि ५ रुपये अनुदान असं जाहीर केलं होतं. पुढे ऑक्टोबरपासून ते २८ आणि ७ झालं.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, परवानगी निघाली म्हणजे माल आला असं नाही. दोन, १०,००० टन पावडर म्हणजे साधारण ११ कोटी लिटर दूध. ऐकायला प्रचंड वाटतं. पण देशात २०२३-२४ मध्ये सुमारे २३.९ कोटी टन दूध झालं, म्हणजे रोज ६५ कोटी लिटरच्या आसपास. त्यापुढे हा कोटा एका दिवसाच्या दुधाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

मग एवढा आरडाओरडा कशासाठी? कारण दुधाचा दर सगळ्या दुधावर ठरत नाही, शेवटी उरलेल्या दुधावर ठरतो. पिशवीबंद दूध, दही, तूप विकून जे उरतं त्याची पावडर होते. पावडरीचा भाव पडला की कारखाना उरलेलं दूध कमी दराने घेतो आणि तोच दर मग सगळ्यांच्या पावतीवर येतो. साठा पडून असताना "आणखी येणार" एवढी बातमीही व्यापाऱ्याला भाव पाडायला पुरते. बाजारात टोमॅटोच्या चार गाड्या जास्त आल्या की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

'दूध वगळलं' म्हणजे काय वगळलं?

आता ताईंच्या डब्याकडे येते.

२२ डिसेंबर २०२५ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराची बोलणी पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दूध, साय, व्हे, दही, चीज यांवर भारताने सवलत दिली नाही. ही बातमी खरी होती. ऑस्ट्रेलियाबरोबरच्या आणि ब्रिटनबरोबरच्या करारातही दुग्धपदार्थ बाहेर ठेवले आहेत. २०१९ मध्ये आरसेप नावाच्या मोठ्या करारातून भारत बाहेर पडला, त्यामागेही दूध उत्पादकांचा विरोध हे एक मोठं कारण होतं.

पण न्यूझीलंडच्या सरकारने आपल्या लोकांना जी माहिती दिली, त्यात आणखी काही ओळी होत्या. बाळांच्या आहाराची ठोक पावडर आणि दुधापासूनची काही तयार मिश्रणं यांवरचं शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार. दुधातल्या अल्ब्युमिनला ठरावीक कोट्यापुरती शुल्कात सवलत. प्रक्रिया करून परत निर्यात करायच्या दुग्ध घटकांना शुल्क नाही.

यात कोणी खोटं बोललं का? नाही. प्रकरण ०४ मधलं दूध वगळलं हे खरं. आणि १९०१, ३५०२ या नंबरांना काही मिळालं हेही खरं. बातमी घराच्या नावावर लिहिली जाते, करार मात्र घर नंबरावर.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमच्या डब्यातली पावडर व्हेचीच आहे, म्हणजे दुधाचीच. तिच्यात प्रथिन ८० टक्क्यांपर्यंत असतं आणि ती साधी, ठोक पोत्यात आली असती, तर नंबर ०४०४. प्रथिन ८० च्या वर असतं तर ३५०२. चव, गोडी, कोको घालून तयार डब्यात आली तर बहुधा २१०६. तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं आणि माझं उत्तर अर्धवट होतं.

शब्द नीट लिहिले तर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलॅमिन नावाचं रसायन सापडलं. पाणी घातलेल्या दुधात प्रथिन जास्त दिसावं म्हणून ते घातलं होतं. सहा बाळं दगावली, तीन लाखांच्या आसपास आजारी पडली. भारताने चीनच्या दुधावर बंदी घातली आणि ती पुढे वाढवत नेली. या बंदीत दूध आणि दुग्धपदार्थांबरोबर चॉकलेट, गोळ्या आणि दुधाचा अंश असलेले खाद्यपदार्थही नाव घेऊन लिहिले आहेत. कारण उघड आहे. चॉकलेटचं घर १८०६. नुसतं 'प्रकरण ०४ वर बंदी' लिहिलं असतं तर तेच दूध चॉकलेटच्या दाराने आत आलं असतं.

सगळा दोष आयातीचा नाही

हेही सांगायला हवं. दर पडला की "बाहेरचं दूध आलं" हे कारण प्रत्येक वेळी खरं नसतं. देशातलाच पावडरीचा साठा, जगातला पावडरीचा भाव, पावसाळ्यानंतर वाढणारं दूध, सरकी पेंडेचा आणि खाद्याचा खर्च, केंद्रावर फॅट-एसएनएफचं मोजमाप, ही सगळी कारणं असतात. सगळं खापर आयातीवर फोडलं की आपल्याच गावातल्या वजनकाट्याकडे बघायचं राहून जातं. आणि "आयात अजिबात नाही" म्हणून निर्धास्त झालो की वेशीवरचं लहान दार दिसत नाही. दोन्हीकडे लक्ष हवं.

आपल्या बिलावरचा नंबर

हीच यादी आपल्या गटाच्या मालालाही लागते. आपल्याच एका गटाने तुपाच्या बरण्या एका दुकानाला पाठवल्या होत्या. बिल करून देणाऱ्याने संगणकात 'तूप' शोधलं आणि पहिला दिसला तो वनस्पती तुपाचा नंबर टाकला, प्रकरण १५ मधला. दुकानदाराला संशय आला आणि माल परत आला. बायकांनी स्वतः लोणी कढवून केलेलं तूप, आणि कागदावर डालडा!

म्हणून हे जवळ लिहून ठेवा: तूप आणि लोणी ०४०५, पनीर ०४०६, दही आणि ताक ०४०३, मध ०४०९. पेढा-बर्फी दुधाची असली तरी मिठाई म्हणून २१०६ मध्ये. पापड १९०५, लोणचं २००१.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. तूप, लोणी, चीज १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. पाकीटबंद पनीरवर कर राहिला नाही. पापडावर आधीपासूनच नाही. फक्त माल विकणाऱ्या आणि वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गटाला राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. पण मोठा खरेदीदार नंबर विचारतोच, तेव्हा तो आपल्याला माहीत असावा. शंका असेल तर गटाच्या लेखापालाला विचारून घ्या. अंदाजाने टाकू नका.

आता आपण काय करायचं?

मोबाईलवर दूध आयातीचा मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न विचारा: कोणता पदार्थ, कोणत्या नंबराखाली? किती टन? किती शुल्काने? नुसती परवानगी की माल खरंच आला?

पाकीट विकत घेताना घटकांची ओळ वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, वनस्पती फॅट, मूळ देश, ही सगळी माहिती तिथे असते. वाचता येत नसेल तर सुनेला, नातीला वाचायला सांगा.

दूध संस्थेच्या वार्षिक सभेला जा. बहुतेक घरांत धार बाई काढते, शेण बाई काढते, वैरण बाई टाकते आणि सभासदाच्या वहीत नाव मात्र घरधन्याचं. वहीत नाव नसेल तर सभेत प्रश्न विचारायचा हक्कही नाही. आधी नाव लावून घ्या. हेही वर्गीकरणच आहे. तुमची नोंद 'सभासद' म्हणून आहे की नुसती 'घरातली बाई' म्हणून, यावर तुमचा आवाज ठरतो.

आणि लिटरमागे आपला खर्च किती येतो ते महिनाभर वहीत लिहा. "परवडत नाही" असं म्हटलं की कोणी ऐकत नाही. "लिटरमागे इतके रुपये खर्च आणि इतके हातात" म्हटलं की समोरच्याला कागद उघडावा लागतो.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या किती जणींचं नाव दूध संस्थेत सभासद म्हणून आहे?
२. गेल्या तीन पगारांच्या पावत्या आणा. फॅट आणि एसएनएफ कोणत्या दिवशी पडलं? का?
३. घरातल्या कोणत्या तीन पाकिटांवर दुधाचा घटक लिहिलेला आहे? तो कुठून आला?
४. आपल्या मालाच्या बिलावर कोणता नंबर आहे? तो बरोबर आहे का?

त्या बैठकीला मी पुन्हा गेले, तेव्हा हे सगळं फळ्यावर लिहून सांगितलं. डबा आणणाऱ्या ताई शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पोराच्या डब्यात जातंय ते पनीरचं पाणी आपण नालीत ओततो होय?" सगळ्या हसल्या. पण मग पनीर करणाऱ्या दोघींनी ते पाणी भाकरीच्या पिठात, आमटीत वापरायला घेतलं आहे, आणि त्याचं आणखी काय करता येईल ते विचारायला राहुरीच्या कृषी विद्यापीठात जायचं ठरवलं आहे. तिथे जे कळेल ते पुढच्या अंकात लिहीन.

तुमच्या गावात असा एखादा डबा, पाकीट किंवा पावती असेल तर बैठकीला घेऊन या. मला उत्तर येत नसेल तर आपण मिळून शोधू.

आपली,
क्षेत्र समन्वयक